बेळगावहून कॅराव्हॅनने पंढरपूर आणि वेरूळ : वाटेतील मुक्काम व वायनरी पाहण्याचा एक दिवस

टिळकवाडीकर

सर्वांना नमस्कार. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बेळगावहून निघून पंढरपूर, तेथून वेरूळ-अजिंठा आणि मग परत असा आठवडाभराचा प्रवास आम्ही ठरवत आहोत. माझ्या मेहुण्यांनी ट्रॅव्हलर या मिनीबसच्या सांगाड्यावर कॅराव्हॅन बांधून घेतली असून तिची मोटार कॅराव्हॅन म्हणून रीतसर नोंदणी झालेली आहे. आत चौघांची झोपण्याची सोय आहे. आई-वडिलांसाठी प्रत्येक मुक्कामी लॉजमध्ये खोली घ्यावी लागेल.

या प्रवासात एक दिवस वायनरी पाहण्यासाठी राखून ठेवावा, अशी बहिणीची आणि माझी मनापासून इच्छा आहे. अथणी-जमखंडी भागातील द्राक्षबागा आपण सारे लहानपणापासून पाहत आलो आहोत, परंतु द्राक्षापासून वाइन कशी घडते हे आमच्यापैकी कोणीच पाहिलेले नाही. माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पंढरपूरहून पुढे जाताना अकलूजजवळ थांबून तेथील फ्राटेलीची वायनरी पाहावी, किंवा परतीच्या वाटेवर नाशिकला मुक्काम करून गंगापूर धरणाच्या परिसरातील दोन-तीन वायनरी पाहाव्यात. वडील माळकरी नसले तरी मद्याला स्पर्श करत नाहीत आणि आई चारही एकादश्यांचे उपवास करते, त्यामुळे त्या दिवशी त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये ही माझी मुख्य काळजी आहे. जाणकारांनी मार्ग, मुक्काम आणि कॅराव्हॅनची व्यवस्था यांविषयी मार्गदर्शन करावे.

निपाणीचा वाटसरू

टिळकवाडीकर, आधी रस्त्याविषयी लिहितो. पंढरपूरला जाताना महामार्गाने कोल्हापूर गाठण्याऐवजी चिक्कोडी, कागवाड, मिरज असे जावे. मिरजेपासून कवठे महांकाळ, नागज, सांगोला हा रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा चौपदरी रस्ता मोठ्या गाडीला फार सोयीचा आहे. मात्र फेब्रुवारी म्हणजे ऐन गळिताचा हंगाम. चिक्कोडी, रायबाग, उगार या पट्ट्यात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू असतात आणि त्यांतील कित्येकांना मागचे दिवे नसतात. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो आणि अंधारात तो समोरच्या प्रकाशझोतात अगदी जवळ आल्यावरच दिसतो. त्यामुळे हा टप्पा पहाटे उजाडल्यावर सुरू करावा आणि दुपारपर्यंत मिरज ओलांडावे.

पंढरपूरहून वेरूळला जाताना टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर अशी सरळ वाट आहे आणि अकलूज त्या वाटेपासून थोडेच बाजूला पडते. याउलट नाशिक जाताना घेतले तर मोठा वळसा होईल. परतताना मात्र तसे नाही. वेरूळहून माळीवाड्याजवळ समृद्धी महामार्ग धरता येतो, सिन्नरकडे उतरून नाशिक गाठता येते आणि नाशिकहून नारायणगाव, पुणे, सातारा, कोल्हापूर असे थेट घरी येता येते. नाशिक ते पुणे सुमारे 210 किलोमीटर आणि पुणे ते बेळगाव सुमारे 340 किलोमीटर धरावे. हे अंतर कॅराव्हॅनने एका दिवसात कापण्याचा आग्रह धरू नये.

यंदाची माघी एकादशी कोणत्या तारखेला आहे तेही आधी पाहून ठेवा. वर्षातील चार मोठ्या वाऱ्यांपैकी ती एक असल्याने त्या दोन-तीन दिवसांत पंढरपुरात एवढी मोठी गाडी उभी करायला जागा मिळणार नाही.

अथणीचा बागायतदार

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या भागात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते आणि पीक एकदाच घेतले जाते, हे बहुतेकांना ठाऊक आहे, परंतु त्यामागचे कारण ठाऊक नसते. थंड देशांत हिवाळ्यात वेल पाने गाळून विश्रांती घेते. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही आणि वेल विश्रांतीला जातच नाही, म्हणून ते काम आपल्याला कात्रीने करावे लागते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी असते. त्या काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड उन्हाळ्यातच घडत असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी केली की तेच घड बाहेर पडतात आणि जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत काढणी चालते. म्हणून तुम्ही निवडलेला काळ उत्तम आहे. काढणीच्या दिवसांत वायनरी पाहणे आणि पावसाळ्यात पाहणे यांत फार फरक पडतो, कारण पावसाळ्यात तुम्हाला केवळ स्वच्छ धुतलेल्या स्टीलच्या टाक्या दिसतील.

बागेत शिरल्यावर मांडवाकडे लक्ष द्या. आपल्याकडे खाण्याची द्राक्षे मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर वाढवतात, तर वाइनच्या द्राक्षांची ओळ एकावर एक ताणलेल्या आडव्या तारांवर भिंतीसारखी उभी वाढवलेली असते. थॉम्पसन किंवा सोनाका जातीचा मणी लांब व्हावा म्हणून आपण जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवतो. वाइनच्या द्राक्षाला तसे काही करत नाहीत. तेथे मणी लहान असणेच चांगले, कारण रंग आणि वास सालीत असतो व लहान मण्यात रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक भरते. शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यो या वाइनच्या द्राक्षजातींचा एखादा मणी परवानगी घेऊन चाखून पाहा. तो आपल्या टेबलावरच्या द्राक्षापेक्षा गोड लागेल, साल जाड लागेल आणि आत बी असेल. साखरेचे माप ज्याला ब्रिक्स म्हणतात ते खाण्याच्या द्राक्षात अठराच्या आसपास असले तरी चालते, तर वाइनसाठी बावीस-चोवीसपर्यंत थांबतात. त्या थांबण्याच्या काळात अवकाळी पाऊस आला तर मणी तडकतात आणि घड सडू लागतो. ती जोखीम शेतकऱ्याची असते.

आणखी एक गोष्ट मला येथे आवर्जून सांगावीशी वाटते. आमच्याकडे भाव पडला तर आम्ही माल बेदाणा शेडवर नेतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग तेलाच्या द्रावणात घड बुडवून सावलीत जाळ्यांवर पसरले की दोन-तीन आठवड्यांत बेदाणा होतो, आणि साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. वाइनच्या द्राक्षाला ही वाट नाही. लहान मणी, जाड साल आणि आत बी, असा माल खाण्याच्या बाजारात कोणी घेत नाही. 2008 च्या मंदीनंतर वाइनची मागणी कोसळली तेव्हा नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. महाराष्ट्राने 2001 मध्ये आणि कर्नाटकाने 2007 मध्ये द्राक्षप्रक्रिया व वाइनविषयक धोरण आणले, सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारले गेले, तरीही आपल्या कृष्णाकाठचा बहुतेक शेतकरी खाण्याच्या द्राक्षाला आणि बेदाण्यालाच धरून राहिला, त्याचे कारण हेच आहे. तुम्ही चवीसाठी जाल तेव्हा मार्गदर्शकाला एवढे अवश्य विचारा की, द्राक्षे त्यांच्या स्वतःच्या बागेतील आहेत की शेतकऱ्यांकडून कराराने घेतलेली, आणि करार किती वर्षांचा असतो. त्या उत्तरावरून तुम्हाला त्या वायनरीविषयी पुष्कळ काही कळेल.

माझा स्वतःचा कौल अकलूजला आहे. तेथील जमीन आपल्या अथणीसारखीच अवर्षणाच्या पट्ट्यातील आहे. इटलीतील आणि भारतातील कुटुंबांनी मिळून तेथे मोटेवाडी, निमगाव परिसरात लागवड केली, टस्कनीतील पिएरो मासी हे वाइनतज्ज्ञ म्हणून आले आणि सांजोव्हेझे ही इटलीची जात माळशिरस तालुक्यात रुजली. सोलापूरच्या उन्हात हे साधले असेल तर आपल्याकडेही साधू शकते, असे मला तेथे गेल्यावर वाटले.

खानापूरची लेक

दादा, आम्ही कॅराव्हॅनने बरेच फिरतो, म्हणून व्यवस्थेपुरते लिहिते.

वायनरीच्या आवारात रात्री गाडी उभी करता येईल असे गृहीत धरू नका. दूरध्वनीवर होकार मिळाला तरी तो ईमेलवर लेखी घ्या आणि त्यात गाडीची लांबी, उंची व माणसांची संख्या स्पष्ट लिहा. एका ठिकाणी आम्हाला फोनवर होकार मिळाला होता, पण प्रत्यक्षात फाटकावरील पहारेकऱ्याला काहीच कळवलेले नव्हते आणि अंधार पडल्यावर आम्हाला दुसरी जागा शोधावी लागली. त्यापेक्षा मोठे आवार असलेल्या रिसॉर्टमध्ये आई-वडिलांसाठी खोली घ्यावी आणि त्याच आवारात कॅराव्हॅन उभी करण्याची परवानगी मागावी. खोली घेतलेली असली की सहसा नकार मिळत नाही, शिवाय स्नानगृहाचा प्रश्नही सुटतो.

विजेसाठी 16 अँपिअरचा प्लग आणि लांब, जाड तारेचे एक्स्टेन्शन जवळ ठेवा. साध्या 6 अँपिअरच्या प्लगवर वातानुकूलन यंत्र लावले तर तार तापते. बाहेरची वीज मिळणार नसेल तर बॅटरीवर केवळ पंखे, दिवे आणि पाण्याचा पंप चालवा. फेब्रुवारीत नाशिकला रात्री एवढा गारवा असतो की जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवून छान झोप लागते. सांडपाण्याची टाकी बागेत किंवा चरात कधीही सोडू नका. शौचालयाची टाकी तर ज्या रिसॉर्टची मलवाहिनी आहे तेथेच, विचारूनच रिकामी करावी. बागांमधल्या रस्त्यांवर ठिबकच्या नळ्या आडव्या टाकलेल्या असतात आणि विजेच्या तारा खाली लोंबलेल्या असतात, म्हणून एकाने खाली उतरून पुढे चालत गाडी आत घ्यावी.

माझे मत नाशिकला आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा या तिन्ही वायनरी एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत. कॅराव्हॅन एकदा उभी केली की ती हलवू नये आणि दिवसभरासाठी टॅक्सी करावी. तुम्ही उतरून जाल तेव्हा आई-वडिलांना पंचवटी, काळाराम मंदिर आणि गोदाघाट निवांत पाहता येईल. अकलूजला अकलाईचे मंदिर आणि किल्ला आहे, जवळ वेळापूरचे अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिरही आहे, पण चाखणाऱ्यांची आणि न चाखणाऱ्यांची सोय नाशिकला अधिक सहज होते. फक्त शनिवार-रविवार टाळा. मुंबई-पुण्याची गर्दी त्या दोन दिवशी एवढी असते की मार्गदर्शकाला एकही प्रश्न विचारता येत नाही.

वडगावचा माळकरी

मी वयाने मोठा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नये. पंढरपूरची यात्रा आणि मद्याची चव एकाच प्रवासात बसवणे मला रुचलेले नाही. विठोबाच्या दर्शनाला जाताना मनात दुसरा बेत असू नये, असे आम्हाला घरी शिकवले गेले. तुम्ही जाऊ नये असे मी म्हणत नाही. तो तुमचा अधिकार आहे. निदान एवढे करावे की, पंढरपूर आणि वायनरी लागोपाठच्या दिवशी ठेवू नयेत आणि गाडीत बाटल्या असताना कोणत्याही तीर्थक्षेत्री मुक्काम करू नये. वेरूळला घृष्णेश्वर आहे, हे ध्यानात असू द्यावे. अकलूजला बाटल्या घेतल्या तर त्या घृष्णेश्वराच्या दारापर्यंत तुमच्याबरोबर जातील. तुमच्या वडिलांना ते बोलून दाखवता येणार नाही, पण मनाला लागेल.

अथणीचा बागायतदार

काका, आपल्या म्हणण्याचा मी आदर करतो. एवढेच सांगतो की, द्राक्ष पिकवणाऱ्याच्या दृष्टीने वायनरी हा शेतमालावर प्रक्रिया करणारा कारखाना आहे, जसे गुळाचे गुऱ्हाळघर असते. तो पाहायला गेलेल्या प्रत्येकाने प्यायलाच हवे असे नाही, आणि मी स्वतः थेंबभरही घेत नाही. परंतु बाटल्यांविषयीचा आपला मुद्दा मला पटला. त्या एका कारणासाठी मी माझा अकलूजचा आग्रह सोडतो आणि परतीच्या वाटेवरचे नाशिक मान्य करतो. तेथेही या दिवसांत काढणी चालू असतेच.

चिक्कोडीची वकील

कायद्याच्या दोन बाबी लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. थोडीशीच चव घेतली आहे, म्हणून चालेल, हा हिशेब कोणीही करू नये. चार-पाच नमुने मिळून पोटात जाणारे प्रमाण कमी नसते. कॅराव्हॅन चालवणाऱ्या व्यक्तीने त्या दिवशी नुसता वास घ्यावा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा निघावे.

दुसरी बाब बाटल्या आणण्याची. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे आणि महाराष्ट्रात शुल्क भरून विकत घेतलेली बाटली कर्नाटकात आपोआप वैध ठरत नाही. गोव्याहून चोर्ला घाटाने येताना कणकुंबीच्या नाक्यावर बाटल्यांची कशी तपासणी होते हे बेळगावकरांना सांगायला नको. महामार्गावरील महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या कोगनोळीलाही तोच नियम लागू आहे. निघण्यापूर्वी आपल्या अबकारी कार्यालयात चौकशी करावी, मुभा असेल तेवढ्याच बाटल्या घ्याव्यात आणि पावती बाटल्यांसोबत ठेवावी. खोके भरून घेण्याचा मोह टाळावा. तसेच 26 जानेवारीसारख्या दिवशी आणि निवडणुकांच्या काळात मद्यविक्री बंद असते, म्हणून ठरवलेली तारीख वायनरीला विचारून पक्की करावी.

कॅराव्हॅन धावत असताना मागच्या बिछान्यावर कोणी झोपू नये, हेही सांगून ठेवते. नोंदणीपुस्तकात जेवढ्या आसनांची नोंद आहे तेवढ्यांनीच पट्टा लावून बसावे. अपघात झाल्यास विमा कंपनी सर्वप्रथम तेच तपासते.

शहापूरची रसिका

मी हॉटेल व्यवसायात असल्याने चाखण्याविषयी लिहिते. एका दिवसात दोनच वायनरी पाहाव्यात. तिसरीपर्यंत जीभ थकते आणि सगळ्या वाइन सारख्याच लागू लागतात. सकाळी दहाच्या सुमारास पहिली फेरी घ्यावी, कारण तेव्हा काढणीचा माल क्रेटमधून आत येत असतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात आणि थंड टाकीत सावकाश आंबवतात. लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीतून उतरतो. आंबवण चालू असलेल्या टाकीच्या तोंडाशी सालींचा जाड थर वर आलेला असतो आणि खालचा रस पंपाने उचलून त्यावर पुन्हा पुन्हा सोडतात. ते काम चालू असेल तर तेथे थांबून पाहा. तो उबदार, खमिराचा आणि जांभळासारखा वास कोणत्याही पेल्यात मिळत नाही. मात्र टाकीवर वाकू नका, कारण आंबवणातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो.

चाखताना आधी पांढरी, मग गुलाबी, मग लाल आणि शेवटी गोड असा क्रम ठेवतात. सोव्हिन्यो ब्लाँकमध्ये पेरूचा आणि हिरव्या मिरचीचा वास शोधा, शिराझमध्ये काळ्या मिरीचा. टेबलावर ठेवलेल्या भांड्यात घोट थुंकून टाकणे ही तेथील रीतच आहे, त्यात कोणाचा अपमान नाही. अत्तर लावून जाऊ नये आणि रिकाम्या पोटी तर मुळीच जाऊ नये. ज्या घरांत कोणी घेत नाही त्यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी द्राक्षाचा रस मिळतो, आणि बाग व कारखान्याची फेरी न पिणाऱ्यांनाही खुली असते. आई-वडिलांना सकाळच्या फेरीला नेऊन नंतर टॅक्सीने पंचवटीला पाठवता येईल.

बेळगावहून कुंदा नेणार असाल तर एक सुचवते. कुंद्याबरोबर साधी वाइन घेतली तर ती आंबट आणि पातळ लागते, कारण पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की असेच होते. उशिरा काढलेल्या शेनिन ब्लाँकची गोड वाइन मिळते, ती थंड करून कुंद्यासोबत थोडीशी घेऊन पाहा. दुधाच्या खरपूस गोडीला त्यातील मधासारखा वास फार चांगला जुळतो.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना हा सर्व पत्रव्यवहार वाचून दाखवला. माळकरी काकांचे म्हणणे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी अथणीच्या दादांनी लिहिलेली दोन छाटण्यांची माहिती पुन्हा वाचायला सांगितली. काढणी पाहायला तेही सकाळी आमच्याबरोबर येणार आहेत.

बेत असा ठरला आहे. माघी एकादशीची गर्दी टळेल अशा तारखेला निघून मिरजमार्गे पंढरपूर, दर्शनानंतर अकलूजला न थांबता करमाळामार्गे पुढे, वेरूळ-अजिंठा, आणि तेथून समृद्धी महामार्गाने नाशिक. वायनरीचा दिवस बुधवारी येईल अशी मांडणी केली आहे. गंगापूर रस्त्यावरील एका रिसॉर्टला खोली व कॅराव्हॅनसाठी ईमेल पाठवला आहे. दोनच वायनरी पाहणार आहोत आणि मेहुणे त्या दिवशी चव घेणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पुण्यापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी घरी.

एकच शंका उरली आहे. नियमात बसतील तेवढ्या बाटल्या घेतल्या तर परतीच्या दोन दिवसांत बंद कॅराव्हॅनमधील उन्हाने त्या खराब होतील का? आमचा फ्रीज लहान आहे आणि त्यात आईची औषधे असतात.

शहापूरची रसिका

फ्रीजची आवश्यकता नाही. दुपारी उभ्या असलेल्या बंद गाडीत उष्णता फार वाढते, वाइन प्रसरण पावते आणि बूच वर ढकलले जाते. हवा आत गेली की वाइन बिघडते. म्हणून बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत आडव्या ठेवा, पेटी खालच्या कप्प्यात, इंजिनापासून दूर असू द्या आणि ओला टॉवेल तिच्यावर टाका. जेवणासाठी थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा. खरेदी मात्र पहिल्या फेरीनंतर लगेच करू नका. संध्याकाळी निघताना घ्या, म्हणजे दिवसभर बाटल्या टॅक्सीत तापणार नाहीत. घरी आल्यावर त्या आठवडाभर तशाच आडव्या ठेवून मग उघडा.

खानापूरची लेक

रिसॉर्टचे उत्तर आले की येथे कळवा, दादा. त्यांच्याकडे 16 अँपिअरची जोडणी नसेल तर आमचे जास्तीचे एक्स्टेन्शन आणि चाकांखाली ठेवायचे ठोकळे मी टिळकवाडीला पोहोचवून देईन.